‘नो ग्रोथ’ लिहून द्या

“त्या पोरीच्या बाजूले नको बसू. उठ, इकडे ये.”

आमच्या लॅबला नमुने घ्यायची एक छोटी काचेची खिडकी होती आणि खिडकीबाहेर पेशंटसाठी लांब बाक. बोलणाऱ्या बाईंना वाटत होतं की त्या हळू बोलताहेत. त्यांनी आपल्या मुलाला दंडाला धरून उठवलं आणि भिंतीशी उभं केलं. बाकावर उरली तिसरीतली वाटावी अशी एक मुलगी. एप्रिलच्या उन्हात तिने पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घातला होता, मनगटापर्यंत बटणं लावलेला. तिने मान वर केली नाही. उलट सरकून बाकाच्या टोकाला गेली आणि त्या मुलासाठी आणखी जागा करून दिली. तिला हे नवीन नाही, एवढं मला काचेआडूनही कळलं.

मुलीचं नाव रंजू गावंडे. बरोबर तिचे वडील होते, पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर कामाला. त्यांनी शाळेची इंग्रजी चिठ्ठी खिडकीतून माझ्याकडे सरकवली. “ताई, वाचून सांगा जी. मले थोडं समजलं, पण बराबर नाही समजलं.”

चिठ्ठीत लिहिलं होतं की मुलीच्या त्वचेवर जंतू नाहीत असं प्रमाणपत्र आणल्याशिवाय तिला वर्गात बसवता येणार नाही, आणि नव्या सत्रापर्यंत ते आलं नाही तर तिचं नाव पटावरून कमी करण्यात येईल. खालची सही मी ओळखली. मी त्याच शाळेत शिकले होते.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ‘नोकरी करणाऱ्या मुलींचे अनुभव’ हवे आहेत, काहीतरी हलकंफुलकं द्या, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि माझं शिक्षण इंग्रजीत झालं. मराठी मी घरात बोलते, तीही नागपूरकडची. हे लिखाण बाबांनी तपासून दिलं आहे. शब्द काही ठिकाणी त्यांचे आहेत, राग माझा आहे. त्या शाळेच्या प्राथमिक विभागाच्या मॅडम आपल्या मंडळात येतात. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ओळखायचं त्यांनी ओळखावं.

हलकंफुलकंही आहे माझ्याकडे, नाही असं नाही. दुर्गला पद्मनाभपुरात त्वचारोगाच्या एका डॉक्टरांनी स्वतःची लॅब काढली होती, तिथे मी बी.एस्सी. झाल्या झाल्या लागले. त्वचेचा नमुना द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायची की सकाळपासून तिथे साबण लावू नका, मलम लावू नका. एका फोरमननी ते फारच मनावर घेतलं. तारीख मिळाली त्या दिवसापासून त्यांनी आंघोळच सोडली. नमुना द्यायला आले तेव्हा त्यांची बायको बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिथूनच मला म्हणाली, “घेऊन टाका बाई यांचं काय घ्याचं ते. घरात उभं राहवत नाही आता.”

एक सासूबाई नव्या सुनेला घेऊन आल्या. हिचा हात लागला की लोणचं नासतं, तर हिच्या हाताचे जंतू तपासून द्या. पुरावा म्हणून बरणीही आणली होती. सून जमिनीकडे बघत होती. मला इतका संताप आला की कानशिलं गरम झाली, आणि मी काय म्हणाले असेन? “डॉक्टरांची चिठ्ठी लागते.” त्या काळात माझा सगळा संताप या एका वाक्यात मावत असे.

तर रंजू. मी तिला आत घेतलं, बाह्या वर करायला सांगितलं. ती बटणं काढायला फार वेळ लावत होती. कोपराच्या आतल्या वळणात, मनगटांवर, मानेच्या मागे कातडी लाल, सुजलेली, चिरा पडलेली. काही चिरांतून पाणी येत होतं, एकीतून रक्त. बाकीचा हात पांढुरका आणि कोरडा, बोट फिरवलं तर खरखरीत. कापसाची काडी फिरवताना तिला दुखलं असणार. तिने फक्त विचारलं, “किती निघाले?”

“काय?”

“किडे.”

मी म्हटलं की किडे नसतात. माझ्यावर विश्वास ठेवण्याचं तिला काही कारण नव्हतं.

आमचं काम साधं असतं. काडीवर जे आलं ते काचेच्या झाकणाच्या बशीत पसरायचं. बशीत रक्त घातलेली खीर गोठवल्यासारखा लाल थर असतो. रक्त रक्तपेढीतलं, मुदत संपलेलं. अंगाएवढ्या उबेच्या कपाटात ती बशी रात्रभर ठेवली की डोळ्यांना न दिसणारा एकेक जंतू वाढून टिपक्याएवढी वस्ती होते. तुमच्या-माझ्या हातावर काडी फिरवली तर बशीभर पांढरे टिपके येतात. ते आपले कायमचे रहिवासी. दुसरे असतात सोनेरी. ते गळू, जखमा, पू यांतले. सोनेरीच आहेत ना याची खात्री करायला आम्ही त्यांना थोड्या प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पिवळ्या पाण्यात, घालून ठेवतो. तेच असतील तर नळीत दही लागल्यासारखं घट्ट होतं.

आमच्या धंद्यात पांढऱ्यांना किंमत नाही. रिपोर्टात त्यांचं नावही लिहीत नाहीत. कधी फार दिसले तर ‘नमुना नीट घेतला नाही’ असं समजतात आणि बशी फेकून देतात. मीही फेकत होते.

रंजूची बशी मी दुसऱ्या दिवशी उघडली तेव्हा ती गच्च सोनेरी होती. त्याचं नवल नव्हतं, इसबात तसं होतं. मी बघत राहिले ते दुसऱ्या बशीकडे. तिच्यासाठी मी तुलनेला म्हणून रंजूच्या दंडावरच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरून काडी फिरवली होती. तिथे पांढरा टिपका एकही नव्हता. इथे-तिथे सोनेरीच. असा हात मी तोवर पाहिला नव्हता.

आपल्याकडे कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, एखादं क्वार्टर रिकामं झालं आणि नवं अलॉटमेंट व्हायला उशीर लागला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कोणीतरी कुलूप तोडून आत शिरतं, चूल मांडतं, आणि मग त्याला काढता काढता नोटिसा पिवळ्या पडतात. कातडीचं तेच. पांढरे जंतू आपापल्या क्वार्टरमध्ये नांदत असले की सोनेरींना शिरायला जागा मिळत नाही. हिच्या हातावरून कोणीतरी सगळी कॉलनी उठवली होती.

मी सरांना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना, सांगितलं आणि त्यांनी रंजूच्या आईला बोलावून घेतलं. गावंडेकाकू आल्या त्या इस्त्रीच्या साडीत, नखं तळाशी कापलेली, पदर पिनने लावलेला. मी विचारलं, आंघोळ कशाने घालता? त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हुशारी आली. कोक ओव्हनच्या लोकांना काळं निघावं म्हणून कारखान्यातून कार्बोलिक साबण मिळे, लाल विटेसारखा, दणदणीत वासाचा. हिचे वडील एवढा कुठे वापरतात? पेटीभर साठला होता. काकू रंजूला तो दोन वेळा लावत. दर चौथ्या दिवशी नवी घासणी. वरून बादलीत जंतुनाशकाची दोन झाकणं.

“शाळेतून मागं लिहून आलं होतं ना जी, पोरगी स्वच्छ ठेवत जा म्हणून,” त्या म्हणाल्या. “तवापासून मी एक दिवस चुकवला नाही. रडते ते, पण मी म्हणते रडू दे. माह्या घरात येऊन पाहा, एक डाग दिसला तर सांगा.”

भट्टीवर कोळशाची काजळी अंगात मुरलेल्या पुरुषांसाठी केलेला तो साबण. या बाईने तो रोज दोनदा आपल्या लेकीच्या फुटलेल्या कातडीवर घासला होता, आणि त्यात तिची अक्कल कमी पडली असं मी कोणाला म्हणू देणार नाही. तिला ज्या शब्दाने टोचलं त्या शब्दाला तिने अंगातली सगळी ताकद लावून उत्तर दिलं. मला चीड आली ती त्या शब्दाची. स्वच्छ. तो शब्द किती सोयीचा आहे बघा. तुझी मुलगी आमच्यात नको, असं तोंडावर म्हणता येत नाही. स्वच्छ ठेवा म्हणता येतं. गणपतीच्या कार्यक्रमात मुलींची फुगडी बसवली तेव्हा रंजूला ‘जरा बरी झाली की घेऊ’ म्हणून काढलं. फुगडीत हात धरावे लागतात ना. कोणी वाईट बोललं नाही. सगळे गोडच बोलले.

सरांनी काकूंना समजावलं ते मी बाजूला उभी राहून ऐकलं, कारण त्यांच्या हिंदीचं मधेमधे मला मराठी करावं लागत होतं. कातडी म्हणजे विटांची भिंत, आणि विटांमध्ये तेलकट चुना. काही मुलांचा हा चुना जन्मापासून कच्चा असतो. वडिलांना लहानपणी दमा होता, तेही त्याच घराण्यातलं दुखणं. कच्च्या चुन्यावर असला साबण घातला की तो धुऊन निघतो. मग भिंतीच्या फटींतून धूळ, लोकर, काजळी, जे म्हणाल ते आत शिरतं, आणि शरीर त्या साध्या धुळीशी शत्रूसारखं भांडायला उठतं. भांडणाने खाज, खाजवण्याने आणखी फटी, फटींत सोनेरी जंतू. ते स्वतःही काहीबाही विष सोडून भांडण पेटतं ठेवतात. म्हणून साबण बंद. कोमट पाणी, अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली, लाल जागी थोडे दिवस मलम, पू धरलेल्यासाठी गोळ्या.

“साबणच नाही?” काकूंनी मला विचारलं, सरांना नाही. “लोक काय म्हणतील?”

घरी जाऊन त्यांनी साबण बंद केला. हे लिहायला सोपं आहे. ज्या बाईला सगळी कॉलनी अस्वच्छ ठरवून राहिली आहे तिने पोरीच्या अंगाला साबण लावायचा थांबवायचा, याला काय लागतं ते मला माहीत नाही. मी नसतं केलं कदाचित.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रंजू मधूनमधून येत राहिली. जूनमध्ये तिच्या कोपरांतली लाली फिकट गुलाबी झाली, चिरा मिटल्या. आजार गेला नव्हता, हा आजार येतो जातो. पण ती झोपायला लागली होती. काकू म्हणाल्या, रात्री खाजवण्याचा आवाज येत नाही तर मीच उठून पाहते, हाय का पोरगी जागेवर.

शाळा उघडायच्या आधी मी पुन्हा नमुना घेतला. सोनेरी राहिले होते थोडे, कडेला. आणि बशीभर पांढरे. मी आजवर ज्यांना कचरा म्हणून टाकत आले ते हे टिपके परत आलेले बघून मला काय झालं ते सांगता येत नाही. मी बशी हातात घेऊन सरांच्या खोलीत पळत गेले. मी लॅबमध्ये कधी पळत नसे.

सरांनी बघितलं, खूश झाले. मग शाळेची चिठ्ठी पुन्हा वाचली, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, “नो ग्रोथ लिख दो, बेटा. नॉर्मल फ्लोरा कौन लिखता है? बच्ची स्कूल जाएगी, बात ख़त्म.”

‘नो ग्रोथ’ म्हणजे बशीत काही उगवलंच नाही, आणि नॉर्मल फ्लोरा म्हणजे माझे हे पांढरे. सर भले माणूस. खोटं बोलून एका मुलीचं भलं होत असेल तर त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि बाहेर गावंडेकाका कारखान्याच्या खाकी कपड्यांतच उभे होते, ड्यूटी संपवून तसेच आलेले. आत येऊन तेही तेच म्हणाले. “ताई, लिहून द्या ना जी तेवढं. दोन शब्दच तर हायेत. पोरीचं साल जाऊन राहिलं.”

मी हो म्हणणार होते. मला कोणाला नाही म्हणायची सवय नव्हती. पण पेन उघडल्यावर मला पुढचं सगळं दिसलं. थंडीत हिला पुन्हा त्रास होणार, होतोच. शाळा पुन्हा ‘नो ग्रोथ’ मागणार, कारण एकदा मिळालेलं असणार. आणि काकू ते मिळवण्यासाठी पेटीतला साबण काढणार. त्या दोन शब्दांनी शाळा खरी ठरणार होती आणि हे दोघं खोटे.

मी सरांना म्हटलं, “नहीं लिखूँगी, सर.” एवढंच. बशी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी बशीकडे बघितलं आणि मान हलवली. शेवटी मी लिहिलं ते असं: नेहमीचे त्वचेवरचे जंतू भरपूर, जसे निरोगी माणसावर असतात, सोनेरी थोडे. त्याखाली सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं की हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, मुलीला वर्गात बसवायला हरकत नाही.

गावंडेकाका कागद घेऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी त्यांना काय दिलं आहे. ‘नो ग्रोथ’ असतं तर ते एकटे गेले असते. हा कागद घेऊन एकटं जाणं त्यांच्याने होणार नव्हतं. “तुम्ही त्याच शाळेच्या ना जी,” ते म्हणाले. “सोबत याल काय?”

शाळेच्या पहिल्या दिवशी मी काका-काकूंबरोबर गेले. रंजू अर्ध्या बाह्यांच्या युनिफॉर्ममध्ये होती. मॅडमच्या खोलीत पाऊल ठेवताच तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, आणि माझेही गेले. मी नोकरी करणारी, पगार घेणारी मुलगी, तिथे मला बसायला कोणी सांगेपर्यंत मी उभीच राहिले. कोणी सांगितलं नाही.

मॅडमनी मला ओळखलं, घरच्यांची चौकशी केली. मग रिपोर्ट वाचला. त्यांचं मराठी पुण्याचं, स्वच्छ. “म्हणजे जंतू आहेतच की,” त्या म्हणाल्या. “आणि भरपूर आहेत असं चक्क लिहिलंयस.”

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. सरांनी खाली लिहिलेलं बोटाने दाखवलं. मॅडम म्हणाल्या की डॉक्टरांना लिहायला काय जातं. त्यांना एका वर्गातल्या चाळीस मुलांच्या आयांना तोंड द्यावं लागत नाही. मुलीबद्दल त्यांना वाईटच वाटतं. नाव कमी करणं त्यांनाही आवडणार नाही. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला होता. दाराजवळ हिचं वेगळं टेबल. पाण्याची बाटली वेगळी. खेळाच्या तासाला वर्गातच बसायचं. आणि स्वच्छ रिपोर्ट येईपर्यंत रोज सकाळी जंतुनाशकाने आंघोळ. “स्वच्छता ठेवा, एवढंच तर म्हणतोय आपण,” त्या हसून म्हणाल्या. “तू इथलीच ना गं? तुला तर समजायला हवं.”

मला समजत होतं. आठ वर्षं त्या खोलीबाहेरून मी मान खाली घालून गेले होते.

काकू पुढे सरसावल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती, इतकी की मला ते ऐकवलं नाही. “ठेवते ना जी, मॅडम. काहून नाही ठेवणार? साबण हाय घरी, पेटीभर हाय. उद्यापासून दोन टाइम घासून पाठवते. फक्त नाव नका कापू.”

रंजूने पाठीमागचे हात सोडले आणि दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट धरली. रडली नाही. मॅडमनी रिपोर्टाची घडी घातली.

मी म्हणाले, “नाही घासायचं, काकू. हात नाही लावायचा त्या साबणाला.” आवाज माझा आहे असं मला वाटेना. मग मी मॅडमकडे वळले. “अंगचे सगळे जंतू मारलेली कातडी कशी दिसते ते मी पाहिलंय, मॅडम. एप्रिलमध्ये हिचीच होती. तुमची चिठ्ठी आली म्हणून या बाईंनी ती रोज दोनदा घासून स्वच्छ केली, आणि तिच्यातून रक्त येत होतं. तसा रिपोर्ट मी कधी देणार नाही. जंतू आहेत. तिच्या हातावर आहेत, तुमच्या हातावर आहेत, त्या चाळीस मुलांच्या हातांवर आहेत, आणि ते आहेत म्हणून सगळ्यांची कातडी जागेवर आहे. तिला दाराशी बसवू नका. मधल्या रांगेत बसवा, कोणाच्या तरी शेजारी.”